तेझेची टेकडी: रविवार ते रविवार

पॅरिसच्या गार द ल्यों स्थानकावर टीजीव्ही ही वेगवान रेल्वे पकडली की पावणेदोन तासांच्या आत माकों-लोशे येतं. तिथून बस. क्ल्युनी गाव मागे पडतं, पांढऱ्या गाईंची कुरणं लागतात आणि टेकडीवर पाच घंटा टांगलेल्या दिसल्या की उतरायचं. रविवारी बस कमी असतात. तेझेच्या ख्रिस्ती मठातला आठवड्याचा मुक्काम तर रविवारीच सुरू होतो, म्हणून गाडीची वेळ आधी बसशी जुळवून मगच तिकीट काढा.

तेझे हे फ्रान्सच्या बर्गंडी भागातलं चिमुकलं खेडं. इथल्या मठात जगभरचे तरुण प्रार्थनेसाठी येऊन राहतात. ऑगस्ट १९४० मध्ये रोजे शुत्झ हा पंचवीस वर्षांचा स्विस तरुण इथे आला. युद्ध पेटलेलं होतं, ताब्यातल्या आणि मोकळ्या फ्रान्समधली सीमारेषा जवळूनच जात होती. त्याने निर्वासितांना आसरा दिला, त्यात ज्यूही होते. १९४९च्या ईस्टरला पहिल्या सात ब्रदरांनी, म्हणजे मठवासी बंधूंनी, आयुष्यभराचं व्रत घेतलं. आज प्रोटेस्टंट आणि कॅथलिक, जवळजवळ तीस देशांतले ब्रदर एकत्र राहतात. स्वतःसाठी ते देणग्या घेत नाहीत, वारसाहक्काने आलेली मालमत्ताही ठेवत नाहीत. मातीची भांडी आणि पुस्तकं यांवर त्यांचं चालतं.

आपल्याकडून जाणाऱ्याने दोन गोष्टी लवकर कराव्यात. नाव काही महिने आधी कळवा, कारण शेंगेन व्हिसासाठी त्यांच्याकडून पत्र लागतं. आणि आठवडा पूर्ण द्या. मुक्कामाचे पैसे देशानुसार ठरतात, भारतीयांना तुलनेने कमी पडतात. राहायला सामायिक खोल्या किंवा तंबू. उन्हाळ्यातही रात्री गारठा असतो, तेव्हा स्लीपिंग बॅग, स्वेटर, टॉर्च आणि रेनकोट घरून न्या.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती समुदायाच्या, चार गोष्टी येतात: शिक्षण, सहवास, भाकर मोडणं, प्रार्थना. तेझेचा दिवस या चौघींवरच उभा आहे. सकाळी सव्वाआठला प्रार्थना, मग न्याहारी. दहाच्या सुमारास एक ब्रदर बायबलमधल्या एखाद्या भागाची ओळख करून देतात. १२:२०ला दुसरी प्रार्थना आणि जेवण. दुपारी छोटे गट, सव्वापाचच्या आसपास चहा, सातला जेवण, साडेआठला तिसरी प्रार्थना.

न्याहारी म्हणजे पावाचा तुकडा, बोटभर लोणी, चॉकलेटच्या दोन कांड्या आणि वाडगाभर चहा. कपाला कान नसतो. वाडगा दोन्ही हातांनी धरावा लागतो आणि थंडीत तळवे शेकून निघतात. जेवणाला सुरी-काटा मिळत नाही, एकच चमचा. हजारो लोकांची भांडी धुवायची तर हेच सोयीचं. ती धुणारे आपणच. दर माणसाला काम वाटून दिलेलं असतं: ताटं वाढणं, हौदात पातेली घासणं, संडास साफ करणं, चर्चच्या दारात शांततेची पाटी धरून उभं राहणं. हे काम चुकवणाऱ्याचा आठवडा कोरडा जातो, असं माझं ठाम मत आहे. छोट्या गटात इंग्रजी अडखळणारी पोरगी हौदापाशी, कोपरापर्यंत फेसात हात घालून, जास्त मोकळी बोलते.

मठाचं सलोख्याचं चर्च १९६२ साली उभं राहिलं. बांधायला जर्मन तरुण आले होते, युद्धातल्या अपराधाचं प्रायश्चित्त म्हणून. १९७१च्या ईस्टरला लोक मावेनात, म्हणून प्रवेशाकडची भिंतच पाडली आणि तिथे तंबू जोडला. आजही गर्दी वाढली की मधले सरकते पडदे वर जातात आणि चर्च मागे लांबत जातं. बाकं जवळजवळ नाहीतच, जमिनीवर बसायचं. मधोमध पांढऱ्या झग्यातले ब्रदर, समोर केशरी कापडाच्या पट्ट्या आणि मेणबत्त्या. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात, ब्रदरांचीही.

प्रवचन नाही. एक-दोन ओळींची गाणी, लॅटिन, स्पॅनिश, पोलिश, जी भाषा येईल ती, पुन्हा पुन्हा म्हटली जातात. सत्तरच्या दशकात भाषेभाषेची पोरं येऊ लागली, लांब स्तोत्रं सगळ्यांना म्हणता येईनात, म्हणून ही घडण आली. फ्रेंच संगीतकार जाक बेर्तिए यांनी त्यातल्या बऱ्याच चाली बांधल्या. ध्रुपद घोळवत भजन म्हणणाऱ्या आपल्या लोकांना ही रीत परकी वाटत नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांमुळे अभंग मराठी ख्रिस्ती उपासनेत कधीच रुळलाय. चौथ्या-पाचव्या फेरीला ओठ आपोआप चालू लागतात आणि मन शब्दांवरून त्या शब्दांच्या धन्याकडे वळतं.

मग शांतता. सात-आठ मिनिटं, कधी दहा. सोमवारी ती असह्य होते. खोकला, चुळबुळ, घड्याळाकडे नजर. बुधवारपर्यंत शेजारचा माणूसही तीच शांतता धरून बसलाय हे जाणवायला लागतं आणि मग ती आपल्यालाही धरते. दोन दिवसांसाठी आलेले लोक नेमके सोमवार-मंगळवारीच निघून जातात, म्हणून त्यांना इथे फक्त गाणी दिसतात.

आठवड्याचा शेवट म्हणजे ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहाचं छोटं रूप. शुक्रवारी रात्री क्रूसाचं चित्र जमिनीवर आडवं ठेवतात. लोक गुडघ्यांवर सरकत येतात, लाकडाला कपाळ टेकतात, थोडा वेळ तसेच राहतात. रांग मध्यरात्रीपर्यंत चालते, गाणं थांबत नाही. शनिवारी प्रत्येकाच्या हाती बारीक मेणबत्ती असते आणि ज्योत शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते. रविवारी सकाळी प्रभुभोजन. मन मोकळं करायचं असेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर काही ब्रदर चर्चमध्येच थांबतात. तिथे उपदेश नसतो, ते ऐकतात.

घरी आल्यावर अशीच प्रार्थना सुरू करताना बहुतेकांचं घोडं अडतं ते इथे: पहिल्याच सभेत तीन तासांचा कार्यक्रम आखला जातो, माईक येतो, प्रत्येक गाण्याआधी निवेदन होतं. तसं करू नका. आठ-दहा माणसं, एक खोली, सतरंजी, क्रूस, चार मेणबत्त्या. क्रम असा: दोन गाणी, स्तोत्रसंहितेतला एक भाग, लहानसा शास्त्रपाठ, गाणं, पाच मिनिटं शांतता, मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठीच्या प्रार्थना, प्रभूची प्रार्थना, शेवटी पुन्हा गाणी. पाऊण तासात संपतं. शांततेआधी एकाच वाक्यात सांगा की आता पाच मिनिटं गप्प बसू, आणि वेळ एकानेच पाहावी. गाणं मराठी असू द्या, टिळकांची एखादी ओळ घोळवली तरी चालेल. मंडळीबाहेरचं कुणी येऊन बसलं तर बसू द्या. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले एकाच सतरंजीचे होते.

महिन्यातून एकदा नको, दर आठवड्याला ठेवा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी, तिघंच आले तरी. आणि सतरंजी कोण झाडणार, चहाची भांडी कोण विसळणार, याची पाळी पहिल्याच दिवशी लावून घ्या.