चाकू नंबर सात आणि नसलेलं ड्रॉइंग

मागच्या नोंदीत म्हटलं होतं, माझ्या संग्रहातला सातवा चाकू हातात येण्याआधी तपासणीचा कागद तयार ठेवीन. ठेवला. चाकू जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला, भाचीच्या मोठ्या बॅगेतून. (विमानात हाताच्या सामानात चाकू चालत नाही, दर वेळी कुणीतरी विचारतंच म्हणून सांगितलं.) कंपनीचं नाव लिहीत नाही. एका नगावरून कारखान्याचा निवाडा करायचा नसतो, आणि पुढे थोडी तक्रार आहे. टायटॅनियमची मूठ, एम३९० या पोलादाचं पातं, फ्रेमलॉक (मुठीचीच एक पट्टी, लॉकबार, आत सरकून उघडं पातं अडवते), किंमत साडेतीनशे डॉलरच्या आसपास. छंदाला सहा वर्षं झाली, पण एवढा महाग चाकू पहिलाच. घरी आकडा अजून डॉलरमध्येच सांगितला आहे.

नवीन वाचकांसाठी: मी बडोद्याचा, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत एका टूलरूममध्ये (साचे, हत्यारं बनवायचं वर्कशॉप) इन्स्पेक्शनला. बावीस वर्षं झाली. आमच्याकडे ‘जॉब (म्हणजे बनवलेला भाग) चांगला आहे का’ असं कुणी विचारत नाही. ड्रॉइंग समोर असतं. १२ मिमीचं भोक, अधिक ०.०२, उणे शून्य. गेजचं ‘गो’ टोक आत गेलं, ‘नो गो’ टोक बाहेर राहिलं, की जॉब पास. महागड्या चाकूच्या खोक्यात मात्र वॉरंटीचं कार्ड असतं, पुसायला फडकं असतं, स्टिकर असतो. ड्रॉइंग नसतं. म्हणूनच आपल्या चाकूवेड्यांत ‘एवढ्या पैशांत एवढं तरी हवंच’ यावर तासन्‌तास वाद होतात, आणि दोघांचं ‘एवढं’ कधी एक नसतं.

तेव्हा ड्रॉइंग मीच काढलं, तेही चाकू यायच्या आधी. हातात आल्यावर मन ढिलं पडतं. टायटॅनियमचा तो राखाडी रंग दिसला की तोंडातून आपोआप ‘चालेल’ निघतं.

पहिली ओळ खेळाची, म्हणजे पातं ज्या खिळ्यावर फिरतं तिथे ते किती डुलतं त्याची. पातं उघडून टोकाला धरून आडवं आणि उभं ढकलायचं. दोन्हीकडे शून्य हवं. हा खेळ ओळखायला मी घरातल्या अडकित्त्यावर शिकलो. आजोबा कलाभवनात शिकलेले (सयाजीरावांनी १८९० साली काढलेलं ते कलाभवन, आता युनिव्हर्सिटीचं टेक्नॉलॉजी). त्यांचा अडकित्ता आईच्या हातात रोज चालायचा, आणि अजून त्याच्या खिळ्याला केसाएवढाही खेळ नाही. तरी उघडताना बोटाला जोर लागत नाही. घट्ट केला की अडतो, सैल केला की डुलतो. या दोन्हींच्या मधली जी जागा आहे तिचे पैसे आपण मोजतो. क्रिस रीव्ह यांच्या सेबेंझा या नावाजलेल्या चाकूच्या जुन्या नगांत याच जागेसाठी खिळ्याभोवती वेगळी बुश (छोटी नळी) असायची. तिची लांबी पातं आणि दोन्ही वॉशर मिळून होते त्याहून केवळ नावापुरती जास्त, त्यामुळे स्क्रू पूर्ण आवळला तरी पातं मोकळं फिरायचं. टूलरूमवाल्याला हे वाचून भरून येतं. सेबेंझा हा झुलू भाषेत ‘काम’ या अर्थाचा शब्द; क्रिस रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेचे.

नंबर सात या ओळीत पास. आडवा शून्य, उभा शून्य, आणि पातं स्वतःच्या वजनाने बंद होतं.

पातं मुठीत मधोमध बसण्याची ओळ: बंद चाकूत फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घातलं तर डावीकडे ०.५५ मिमी, उजवीकडे ०.४०. मी फरक ०.१५ पर्यंत मान्य धरला होता, म्हणजे काठावर पास. खरं सांगायचं तर या ओळीला आपल्यात फार भाव आहे. पातं मुठीला घासत नसेल तर कापण्यात काडीचा फरक पडत नाही. फोटोत दिसतं म्हणून सगळे त्याच्या मागे.

लॉकची ओळ इतकी सरळ गेली नाही. लॉकबार पात्याच्या बुडाच्या साधारण ३५ टक्के रुंदीवर येतो, ते उत्तम. ३० ते ५० च्या मधे मला हवंच होतं, झिजायला पुढे जागा राहते. पण बंद करताना चिकटतो. अंगठ्याने ढकलला की आधी काहीच होत नाही, मग ‘टक्’ करून सुटतो. टायटॅनियम पोलादावर घासलं की त्याला धरून बसतं, हा त्या धातूचा स्वभाव आहे. म्हणून तर कुणी लॉकबारच्या तोंडाशी पोलादाचा तुकडा बसवतं, कुणी त्या तोंडावर कार्बाइड चढवतं, आणि सेबेंझा ३१ मध्ये तिथे सिरॅमिकची गोळी आहे. उपाय माहीत असलेला दोष या किमतीत ग्राहकाच्या अंगठ्यापर्यंत का यावा? मी तात्पुरती शिसपेन्सिल घासली. ग्रॅफाइटने काम झालं.

आता धार. इथे मी तीन रविवार घातले, त्यामुळे इथे लांबवणार.

भिंगातून पाहिलं तर डाव्या बाजूचा धारेचा पट्टा ०.९ मिमी रुंद, उजव्या बाजूचा ०.६. धारेच्या लगेच मागे पात्याची जाडी मुळाशी ०.५ मिमी. धार मधोमध आहे असं धरून गणित केलं, तर एका बाजूचा कोन १६ अंश आणि दुसऱ्या बाजूचा साधारण २५. दोन्ही मिळून ४१, म्हणजे बेरीज ठीक आणि वाटणी चुकलेली. पेरू कापताना चाकू डावीकडे पळतो असं मला आधी वाटलं होतं आणि मी हाताला दोष दिला होता. टोकाकडे तर जाडीच ०.७५ मिमी. तिथे चाकू कापत नाही, पाचरीसारखा शिरतो.

दुसरी गोष्ट मोठ्या उताराची, म्हणजे पाठीकडून धारेकडे पातळ होत जाणाऱ्या बाजूची. पात्याचा मोठा उतार मुळाशी जिथे थांबतो, ती उभी रेघ दोन्ही बाजूंना समोरासमोर यायला हवी. इथे डावी रेघ उजवीच्या ०.६ मिमी पुढे. चाकू डब्याच्या पिशवीत घालून शॉपमध्ये, म्हणजे आमच्या टूलरूममध्ये, नेला. (शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रांच्या यादीत येतं, घरगुती, शेती आणि कारखान्याच्या कामाची सोडून. माझं पातं ८५ मिमी. तरी पोलिसांचे स्थानिक जाहीरनामे याहून कडक असू शकतात, ते वाचत जा. आणि खिशात मिरवू नका.) सरफेस ग्राइंडरवर तीस वर्षं काढलेले आमचे काका आहेत. त्यांनी पातं नुसतं ट्यूबलाइटसमोर धरलं.

“आ बे सेटिंगमां थयुं छे,” काका म्हणाले, म्हणजे हे दोन सेटिंगमध्ये झालंय. एक बाजू झाल्यावर उलटवलं तेव्हा जिगमध्ये (पातं पकडायच्या साच्यात) नीट बसलं नाही, खाली चुरा राहिला असेल किंवा पिन झिजली असेल. “पण मग पुढच्या टेबलावर कोण बसलं होतं?”

“इन्स्पेक्शन,” मी म्हटलं.

“म्हणजे तुझाच भाऊ,” म्हणाले आणि चहाला गेले.

त्यांचा मुद्दा बरोबर आहे. मोठा उतार मशीनचा असतो, शेवटची धार मात्र बऱ्याच कारखान्यांत माणूस फिरत्या घासपट्ट्यावर हाताने लावतो. म्हणजे हे दोन वेगवेगळ्या टेबलांवरचे दोन दोष, आणि दोन्ही एका डोळ्याखालून सुटले. एकट्या कारागिराने हाताने घडवलेल्या चाकूत अशी रेघ पुढेमागे असली तर मला ती आवडतेही; तो त्याचा हात आहे. कारखान्याच्या चाकूत तसं म्हणता येत नाही. तिथे मी शंभरावा नग पहिल्यासारखा असण्याचे पैसे दिलेत.

या बाबतीत माझा मापदंड व्हिक्टोरिनॉक्स आहे. कार्ल एल्सेनर यांनी १८९१ साली स्विस सैन्याला चाकू द्यायला सुरुवात केली, आणि ऑफिसर चाकूची नोंदणी १८९७ सालची. माझ्याकडे एकाच मॉडेलचे तीन आहेत, वेगवेगळ्या वर्षी घेतलेले. पट्ट्याची रुंदी तिन्हींत दोन्ही बाजूंना भिंगाला कळेल इतक्याही फरकाची नाही, आणि स्प्रिंगचा उघडतानाचा आवाज तिन्हींचा एक. पोलाद साधं, कडकपणा ५६ रॉकवेलच्या आसपास, धार लवकर उतरते. पण पाट्यावर दहा मिनिटांत परत येते.

कडकपणावरून आठवलं. नंबर सात खोलून पात्याच्या बुडावर, मुठीत झाकलेल्या जागी, शॉपच्या रॉकवेल मशीनवर तीन ठसे घेतले. वॉरंटी गेली असणार, ते मी मान्य केलं आहे. ५९, ५९.५, ५९. एम३९० ला ६० ते ६२ चांगला शोभतो. १.९ टक्के कार्बन, २० टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम घातलेलं महागडं पोलाद घेऊन ते मऊ सोडणं म्हणजे बासमतीचा भात गिजगिजा करणं. नो गो म्हणणार नाही, पण पोलादाचं नाव मोठ्या अक्षरांत कोरताना बाजूला हा आकडाही कोरायला काय हरकत होती?

कंपनीला फोटो आणि मापं पाठवली होती (ठशांच्या आधी). उत्तर चार दिवसांत आलं, अगदी सभ्य: नग आमच्या टॉलरन्समध्ये बसतो. मी विचारलं, टॉलरन्स किती? त्यावर उत्तर नाही. म्हणजे ड्रॉइंग आहे, फक्त आपल्याला दाखवायचं नाही. परत पाठवायचा तर कुरियर, कस्टम, आणि येताना पुन्हा भाचीची वाट. ठेवून घेतला.

मग हाताने सुरुवात. व्हॅनेडियमचे कार्बाइड (पोलादातले बारीक कडक कण) नेहमीच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कडक असतात, दगड त्यांच्याभोवतीचं पोलाद खातो आणि त्यांना नीट कापत नाही. म्हणून हिऱ्याच्या प्लेट, ४०० आणि मग १०००. धारेवर मार्करची शाई लावून, कुठे पुसली जाते ते बघत. बाजूला १७ अंश ठरवले. २५ अंशांच्या बाजूचं एवढं पोलाद काढायचं म्हणजे पहिला रविवार नुसता त्यातच गेला. दुसऱ्या रविवारी बर (घासताना धारेच्या कडेला उरणारी पोलादाची बारीक कड) काढता काढता संध्याकाळ झाली. या पोलादाची बर वाकते आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसते, तुटत नाही. शेवटी दर खेपेला बाजू बदलत, जवळजवळ वजन न देता पाच-सहा वेळा फिरवलं तेव्हा गेली. तिसरा रविवार चामड्याच्या पट्ट्यावर.

आता वर्तमानपत्राचा कागद आडवा कापतो, पेरू सरळ कापतो. टोकाकडचा पट्टा मात्र रुंद दिसतो, कारण तिथली मागची जाडी तशीच आहे. ती कमी करायची तर मोठा उतारच पुन्हा घासावा लागेल, आणि त्याला हात लावायची माझी तयारी नाही.

तपासणीच्या कागदावर दोन ओळी बदलल्या. मधोमध बसण्याची ओळ तळाला नेली. धारेमागच्या जाडीची एक ओळ होती तिच्या तीन केल्या: मुळाशी, पोटाशी, टोकाशी. पहिल्या कागदात मी फक्त मुळाशी मोजलं असतं आणि नंबर सात तिथे पास झाला असता, ही चूक माझी. नंबर तीन (डी२ पोलाद) पावसाळ्यात पुन्हा ठिपके दाखवतोय. तेल लावून कपाटात.

लॉक चौथ्या दिवशी परत चिकटला. पेन्सिल आता चाकूच्याच खोक्यात ठेवली आहे, स्टिकरच्या शेजारी.