मॅप्समध्ये ८,१९२ जुळ्या ओळी आणि मर्ज काही होईना

मेमरीच्या परवानग्या बदलणाऱ्या एमप्रोटेक्ट या सिस्टिम कॉलने ईनोमेम ('मेमरी नाही' ही एरर) परत केलं आणि निम्मी रॅम रिकामी दिसत असेल, तर रॅमकडे बघत बसू नका. प्रोसेसचे व्हीएमए (एकसारख्या परवानग्यांचे सलग मेमरी-पट्टे) मर्यादेला टेकले तरी लिनक्स हीच एरर देतो. ही मर्यादा म्हणजे मॅक्स मॅप काउंट. कर्नलमध्ये तिची डीफॉल्ट किंमत ६५,५३० आहे. फेडोरा ३९ आणि उबुंटू २४.०४ पासून त्या डिस्ट्रोंनी ती १०,४८,५७६ केली आहे, त्यामुळे लॅपटॉपवर बिनबोभाट चालणारा प्रोग्राम जुन्या सर्व्हरवर आडवा होतो. आणखी गंमत म्हणजे मॅपिंगच्या मधला तुकडा सोडायला गेलात तर एममनॅपसुद्धा ईनोमेम देतो, कारण मधला तुकडा काढला की एकाचे दोन होतात.

माझ्यासमोर होता तो ॲलोकेटर (प्रोग्रामला मेमरी वाटून देणारा भाग) १ जीबीचा अरीना, म्हणजे मोठा सलग पट्टा, प्रॉट-नन (वाचता-लिहिता न येणारा) करून राखून ठेवायचा आणि त्यातले ६४ केबीचे तुकडे लागतील तसे एमप्रोटेक्टने उघडायचा. एका अरीनात १६,३८४ तुकडे. एक उघडा, एक बंद अशी रांग लागली की तितकेच व्हीएमए. असे चार अरीना म्हणजे ६५,५३६, मर्यादेच्या सहा पुढे. इथवर कोडं काहीच नाही. पण नंतर उरलेले तुकडेही उघडले, अख्खा अरीना रीड-राइट झाला. शेजारचे सारखे व्हीएमए कर्नल एक करतो (हेच मर्ज), आणि तरीही प्रॉकमधल्या मॅप्स फाइलमध्ये (दर व्हीएमएला एक ओळ) जिथे एक ओळ हवी तिथे ८,१९२ ओळी. परवानग्या त्याच, ऑफसेट शून्य, एकीचा शेवट तोच दुसरीची सुरुवात.

(ओळी मोजताना शेवटची वीसिस्कॉलची ओळ वजा करा, ती हिशेबात धरली जात नाही.)

मॅप्स फाइल इथे अक्षरशः काही सांगत नाही. पुढची पायरी स्मॅप्समधली (मॅप्सची सविस्तर आवृत्ती) व्हीएमफ्लॅग्सची ओळ. त्यात 'एसी' हा कोड एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असं दिसलं तर कारण सापडलं: तुकडा एकदा रीड-राइट झाला की त्याचा कमिट हिशेब (किती मेमरी द्यायचं कबूल केलं याचा) लागतो आणि त्यात पानं (मेमरीचे छोटे भाग) आल्यावर, परत बंद केला तरी तो फ्लॅग निघत नाही. कधीच न उघडलेल्या शेजाऱ्याशी मग त्याचं जुळत नाही. 'एमजी' दिसला तर हुरळून जाऊ नका, तो केएसएमचा (सारखी पानं एक करणारी सोय) आहे, व्हीएमए मर्जशी त्याचा संबंध नाही. मेमरी पॉलिसीचा (कोणत्या नोडची मेमरी घ्यायची याचा) फरक नूमा-मॅप्समध्ये दिसतो, अनामिक (फाइलशी न जोडलेल्या) मॅपिंगला नाव दिलं असेल तर ते मॅप्समध्येच दिसतं.

माझ्याकडे हे सगळं तंतोतंत सारखं होतं, आणि चिडचीड सुरू झाली ती इथे. मर्ज करताना कर्नल ज्या आणखी दोन गोष्टी तपासतो त्या प्रॉकमध्ये कुठेच छापल्या जात नाहीत. पहिली पीजीऑफ, म्हणजे पानांत मोजलेला ऑफसेट. अनामिक मॅपिंगलाही तो असतो, पण मॅप्समध्ये त्याच्या जागी सरसकट शून्य येतं. दुसरी अनॉन-व्हीएमए: पानावरून 'हे कोणाकोणाच्या मॅपिंगमध्ये आहे' हे उलट शोधण्यासाठीची नोंद, जी पहिल्या राइट फॉल्टला (कोऱ्या जागेत पहिल्यांदा लिहिताना) तयार होते. प्रत्येक पान स्वतःच्या अनॉन-व्हीएमएकडे बोट दाखवून असतं, म्हणून दोन वेगळ्या नोंदी असलेले व्हीएमए कर्नल एक करत नाही. बांधाला बांध, मालक एकच, पण सातबारे दोन.

हे बघायला ड्रगन (drgn, चालू कर्नल आतून वाचणारा डीबगर) लागतो, रूट आणि चालू कर्नलचं डीबगइन्फो धरून. प्रोसेसच्या प्रत्येक व्हीएमएचा सुरुवातीचा पत्ता, पीजीऑफ आणि अनॉन-व्हीएमए पॉइंटर छापा. पत्त्याला ४,०९६ ने भागून पीजीऑफ आला नाही, तर ते मॅपिंग हात लावल्यानंतर एमरीमॅपने हललं आहे. माझा पीजीऑफ बरोबर होता, पॉइंटर मात्र ८,१९२ वेगवेगळे.

कारण क्रम. नव्या फॉल्टला कर्नल अगदी लगतच्या शेजाऱ्याची नोंद वापरायचा प्रयत्न करतो, त्यापलीकडे बघत नाही. पहिला तुकडा उघडून लिहिला, तिसरा उघडून लिहिला, मधला बंद आणि कोरा: तिसऱ्याला स्वतःची नवी नोंद मिळते. मग मधला उघडला की तो पहिल्याला चिकटतो, पण तिसऱ्याशी सांधा कायम राहतो. एमॲडव्हाइजच्या (कर्नलला मेमरीबद्दल सूचना देणारा कॉल) डोंटनीडने पानं टाकून पाहिली, उपयोग शून्य. पानं जातात, नोंद राहते. एममनॅप करून नव्याने मॅप केल्याशिवाय ती जात नाही.

उपाय अगदी एवढासा निघाला, म्हणून राग जास्त. अरीना आधी रीड-राइट घ्या, नोरिझर्व्ह फ्लॅग लावून. त्यात एक बाइट लिहा. मग अख्खा अरीना प्रॉट-नन करा. आता पुढे कितीही तुकडे पडले तरी सगळ्यांना एकच नोंद वारशाने मिळते आणि उघडल्यावर ते मुकाट जुळतात. नोरिझर्व्ह विसरलात तर पूर्ण १ जीबी कमिटमध्ये धरली जाते. ओव्हरकमिट (आहे त्याहून जास्त मेमरी कबूल करायची की नाही ही सेटिंग) २ वर असेल तर हा फ्लॅग मानलाच जात नाही, तिथे हे महाग पडेल. ट्रान्सपरंट ह्यूज पेज (आपोआप मोठी पानं देणारी सोय) 'ऑलवेज' असेल तर त्या एका बाइटपायी २ एमबी जाऊ शकतात.

फोर्क करणाऱ्या, म्हणजे स्वतःची प्रत (चाइल्ड) काढणाऱ्या सर्व्हरमध्ये ही सगळी तयारी चाइल्डमध्ये करा. पेरेंटकडून आलेल्या, हात लागलेल्या व्हीएमएची अनॉन-व्हीएमए नोंदींची साखळी एकाहून लांब असते आणि अशांशी नवं कोरं मॅपिंग कर्नल मुद्दाम जोडत नाही. याच नियमाच्या २०११ मधल्या बदलाने एक निष्पाप केसही अडवली होती: लिहिलेला तुकडा एमप्रोटेक्टने कोऱ्या शेजाऱ्यासारखा केला तरी मर्ज होत नसे. ते २०२५ मध्ये दुरुस्त झालं. जुन्या कर्नलवर आधी कोणता तुकडा लिहिला जातो यावर निकाल फिरतो, त्यामुळे टेस्ट दोन्ही क्रमांनी चालवा.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: तुकडे फक्त गार्ड पेजसाठी (हात लागताच प्रोग्राम अडवणारं कुंपण) पाडत असाल तर एमप्रोटेक्ट सोडाच. कर्नल ६.१३ पासून एमॲडव्हाइजमध्ये गार्ड-इन्स्टॉल आहे. तो पेज टेबलमध्ये खूण ठेवतो, व्हीएमए तुटतच नाही.