तुम्ही विचारलंत म्हणून: सिव्हिलनंतर प्लॅनिंग कशासाठी?

निकालाचे दिवस आले की हा प्रश्न येतोच. कधी राजारामपुरीत भाजी घेताना ओळखीचे आईवडील थांबवतात, कधी गडहिंग्लज-चंदगडकडची एखादी मुलगी फोन करते. "ताई, सिव्हिल झालंय. आता स्ट्रक्चरला एम.टेक. करू, का तुमचं ते प्लॅनिंग?" वडील असले की पुढचे दोन प्रश्नही ठरलेले. "त्यात शिकवतात तरी काय? आणि एवढं शिकून कोल्हापुरात काम मिळतंय काय?" फोनवर घाईत सांगितलेलं अर्धवट राहतं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. नगर व प्रादेशिक नियोजनात पदव्युत्तर शिक्षण जरूर घ्या. आणि ते घेताना शहरापेक्षा शहराभोवतीच्या मुलखात जास्त जीव घाला. पुण्या-मुंबईच्या नियोजनावर काम करणारी माणसं पुष्कळ आहेत. कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर आणि त्यांच्यामधली गावं एकत्र धरून विचार करणारी माणसं फार थोडी आहेत, आणि आपलं नुकसान नेमकं तिथे होतंय.

पुराचंच बघा. पंचगंगेची पातळी आपण राजाराम बंधाऱ्यावर मोजतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, शाहूपुरी-व्हीनस कॉर्नरपर्यंत होड्या फिरल्या. पाणी ओसरलं की चर्चा सुरू होते ती शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याची आणि शहरातल्या बांधकामांची. ती व्हायलाच हवी. पण पंचगंगा होते कुठे? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात त्या प्रयाग चिखलीला, म्हणजे महापालिकेच्या हद्दीबाहेर. पाणी पसरायची शेतंही बरीचशी हद्दीबाहेर, आणि ज्या भरावांनी ते अडतं अशी लोकांची जुनी तक्रार आहे, ते भरावही बाहेर. महापालिकेची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली, पण हद्दवाढीचा वाद पुढे दशकानुदशकं चालूच राहिला. २०१७ मध्ये आजूबाजूच्या ४२ गावांसाठी वेगळं प्राधिकरण नेमलं गेलं. पाण्याला यातली कुठलीच सीमा ठाऊक नाही.

नदीकाठी कुठे बांधायचं नाही हे राज्याच्या नियमांत लिहिलेलं आहे. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा बांधकामाला बंदी, निळी ते लाल अटी घालून परवानगी. रेषा जलसंपदा विभाग आखून देतो. ती गावच्या नकाशावर उतरवायची, कुठला गट नंबर आत येतो, कुठला अर्धा आत अर्धा बाहेर, हे ठरवायचं, आणि ज्याचा अर्धा गट आत गेला त्याला समोर बसवून समजावून सांगायचं, हे नियोजनकाराचं काम. रेषा कागदावर असते आणि प्लॉट पाडणारा जागेवर असतो. मधे कुणी जाणकार माणूस नसला की प्लॉट विकले जातात आणि पुढच्या पुरात नवी घरं पाण्यात जातात.

आता शिकवतात काय. दोन वर्षं, चार सत्रं. सांख्यिकी, लोकसंख्येचे अंदाज, वाहतूक, गृहनिर्माण, पाणी आणि सांडपाणी, जमिनीचं अर्थकारण, कायदा, जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशे आणि माहिती जोडायचं तंत्र; विषयांची यादी कुठल्याही संस्थेच्या माहितीपत्रकात मिळेल. खरं शिक्षण होतं स्टुडिओत, म्हणजे गटानं मिळून खऱ्या जागेचा आराखडा करायच्या कामात. एका गटाला आधी एखादी वस्ती देतात, मग एखादं शहर, मग अख्खा जिल्हा किंवा नदीचं खोरं. गटात एखादा आर्किटेक्ट असतो, एखादी भूगोलात एम.ए. केलेली, कुणी अर्थशास्त्राचं, कुणी आपल्यासारखं सिव्हिलचं. एकाच रस्त्यावर उभं राहून सिव्हिलवाल्याला गटाराचा उतार दिसतो, अर्थशास्त्रवाल्याला गाळ्याचं भाडं, आणि भूगोलवालीला दिसतं की हा रस्ता मुळात ओढा होता. रात्र रात्र वाद होतात. चार वर्षं एकच बरोबर उत्तर काढायची सवय लागलेल्या इंजिनिअरला हे सुरुवातीला फार जड जातं, पण तिथेच नजर बदलते.

स्टुडिओची सुरुवात होते पायी फिरून. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ १९१४ मध्ये भारतात आले, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. आपल्याकडच्या कितीतरी गावांचे अहवाल त्यांनी लिहिले. रुंद रस्त्यासाठी सरसकट घरं पाडण्याला त्यांचा विरोध होता. आधी गाव नीट तपासा, मग कमीत कमी घरांना हात लावून सुधारणा करा, हा त्यांचा आग्रह. शंभर वर्षांनंतरही आमच्या अभ्यासाचा पाया तोच आहे.

विद्यमान जमीन वापराची पाहणी म्हणजे काय, ते एका घरावरून सांगते. हातात भाग नकाशा, त्यावर सिटी सर्व्हे नंबर, आणि प्रत्येक वापराला ठरलेला रंग: राहायला पिवळा, व्यापाराला निळा, उद्योगाला जांभळा, सार्वजनिकला लाल, बागा-मैदानांना हिरवा. सुभाषनगरातल्या एका घरात आम्ही गेलो. पुढच्या खोलीत चपलांचे तळ कापायचं काम चाललेलं, जमिनीवर एक मावशी चामड्याच्या वेण्या वळत बसलेल्या, त्यांच्या शेजारी नातवाचा अभ्यास, मागे चूल, माळ्यावर तयार जोडांची खोकी. दाराशी एक गिऱ्हाईक मापाला पाय पुढे करून उभं. या घराला रंग कुठला द्यायचा? पिवळा दिला तर त्यांचं पोट नकाशावरून पुसलं जातं. जांभळा दिला तर त्यांचं घर पुसलं जातं. आणि हा वाद नुसता रंगाचा नसतो. नुसतं निवासी म्हणून नोंदलेल्या जागेत कारागिरीचं काम उद्या नियमबाह्य ठरू शकतं, आणि मग त्याच मावशींच्या हातात नोटीस येते. आम्ही शेवटी मिश्र वापर म्हणून तिरप्या रेषा मारल्या आणि टिपणात कोण काय काम करतं ते सविस्तर लिहिलं.

जुने नकाशे वाचायलाही इथेच शिकतो. कपिलतीर्थ मार्केट आहे तिथे एकेकाळी तळं होतं. गांधी मैदान म्हणजे जुनं वरुणतीर्थ. मोठा पाऊस झाला की मैदानात पाणी का साठतं, याचं उत्तर जुना नकाशा उघडला की मिळतं. पाणी आपल्या जुन्या जागी येतं, एवढंच.

शेवटच्या सत्रात प्रबंध असतो. मी माझ्या प्रबंधासाठी प्रयाग चिखली आणि आंबेवाडीला जात असे. १९८९ च्या पुरानंतर या गावांसाठी सोनतळीला उंचावर जागा दिली गेली. तरी पुष्कळ कुटुंबं आजही खालीच राहतात, आणि दर मोठ्या पुरात जनावरं घेऊन वर जातात. शहरातली माणसं सहज म्हणतात, "जागा दिलीया, मग जात का न्हाईत?" तिथल्या एका आजींनी मला गोठ्यात बसवून याचं उत्तर दिलं. "बाळ, घर वर नेशील. रान कुठं नेशील? म्हशीची वैरण खाली, पाणी खाली. सांच्यापारी भारा घिऊन मी चढ चढू व्हय?" दुधाच्या वेळा, वैरणीचं अंतर, म्हशी बांधायला लागणारी जागा, भावाभावांतल्या वाटण्या, हे सगळं पुनर्वसनाच्या आराखड्यात घरासाठी दिलेल्या प्लॉटइतकंच महत्त्वाचं आहे. प्लॉटच्या मापात गोठा बसत नसेल तर म्हशी पाळणारं घर तिथे जाणार नाही. ही गोष्ट मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या गोठ्यात जास्त नीट कळली. माझ्याकडे चौकशी करणाऱ्या प्रत्येक मुलीला मी ती सांगते, कारण आपल्या भागात हे काम करायला आपल्या भागाची बोली येणारी माणसं हवीत.

कायद्याचा विषय बरेच जण कंटाळवाणा समजतात. मला तो सगळ्यात जिवंत वाटतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहराच्या पुढच्या वाढीच्या आराखड्याचा कच्चा मसुदा, प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती आणि सूचना द्यायला ३० दिवस मिळतात. मग समितीपुढे सुनावणी. वहीच्या कागदावर हातानं लिहिलेला अर्ज घेऊन शेतकरी येतो: माझ्या विहिरीवरून रस्ता दाखवलाय, तो बांधानं न्या. अशा एका अर्जानं रस्ता सरकू शकतो. पण त्यासाठी अर्ज मुदतीत यायला हवा, आणि आराखडा निघालाय हे आधी त्या माणसाला कळायला हवं. याच कायद्याचं कलम १२७ जरूर वाचा. बाग, मैदान, शाळा यासाठी आरक्षित केलेली जागा आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. तुमच्या कॉलनीतलं मैदान नकाशावर होतं आणि आज तिथे अपार्टमेंट उभं आहे, त्याचं एक कारण बऱ्याचदा हे असतं. यात मालकावर अन्याय होऊ नये हेही खरं, आणि पोरांना खेळायला जागा हवी हेही खरं. दोन्ही बाजू एकाच वेळी धरून उत्तर शोधायचं शिक्षण इथे मिळतं.

प्रवेशाचं थोडक्यात. बी.आर्क., बी.प्लॅन., सिव्हिल, आणि बऱ्याच ठिकाणी भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्रात एम.ए. झालेल्यांनाही हा रस्ता खुला आहे. शिवाजी विद्यापीठातल्या भूगोलाच्या मुलांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, दिल्ली-भोपाळ-विजयवाडाच्या एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), खरगपूर आणि रुरकीच्या आयआयटी, अहमदाबादचं सेप्ट, अशी ठिकाणं आहेत. गेट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेत आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा वेगळा पेपर असतो, पण सिव्हिलचा पेपरही पुष्कळ ठिकाणी चालतो. गेटवर सरकारी संस्थेत प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन आहे; घरची परिस्थिती बेताची असेल तर हाच मार्ग धरा. सेप्टचं शिक्षण नावाजलेलं आहे, पण फी मोठी आहे, कर्ज काढण्याआधी विचार करा.

आणि काम? नीती आयोगाचा २०२१ चा अहवाल सांगतो की राज्यांच्या नगररचना विभागांत मिळून नियोजनकारांची ४,००० पदंही मंजूर नाहीत, त्यातलीही बरीच रिकामी; गरज मात्र १२,००० हून जास्त माणसांची. शिवाय कित्येक राज्यांत या पदांना नियोजनाची पदवी सक्तीची नाही, हेही त्याच अहवालात आहे. म्हणजे गरज प्रचंड, पण दार अरुंद. आपल्याकडे नगररचना विभागाच्या जागा एमपीएससीतून भरतात. पुणे आणि मुंबई परिसराची विकास प्राधिकरणं, म्हणजे पीएमआरडीए आणि एमएमआरडीए, आणि सिडको आहेत. आराखडे तयार करणाऱ्या खासगी सल्लागार कंपन्या आहेत, जीआयएसचं काम आहे. कोल्हापुरात थेट नोकऱ्या कमी आहेत, हे मी कुठल्याही आईवडिलांपासून लपवत नाही. पहिली काही वर्षं पुण्या-मुंबईत काढावी लागतील असं धरून चाला. पण जिल्ह्यातल्या नगरपालिका वाढताहेत, इचलकरंजी २०२२ मध्ये महापालिका झाली, हायवेच्या दोन्ही बाजूंना उसाचे फड मोडून प्लॉट पडताहेत. हे सगळं कुणीतरी समजून उमजून आखायला हवं आहे. मला वाटतं ते इथल्याच मुलामुलींनी आखावं.

गेटचे अर्ज पावसाळा संपता संपता निघतात. तोवर एक काम करा. भूमी अभिलेखच्या संकेतस्थळावरून आपल्या गावचा नकाशा काढा. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठल्या गटापर्यंत आलं होतं, ते घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यावर रेषा मारा. १९८९ आणि २००५ आठवत असेल तर त्याही मारा. मग त्या रेषांच्या आत गेल्या पाच वर्षांत किती नवी घरं झाली ते पायी फिरून मोजा. हे करताना कंटाळा आला तर स्ट्रक्चरला जा, तोही चांगलाच विषय आहे. नाही आला, तर तो नकाशा घेऊन मला भेटा, अर्ज कुठे कुठे भरायचा ते समोर बसून ठरवू.