सोसायटीच्या ऑफिसात माणूस घेताना

मुंबईतल्या सोसायटीला ऑफिससाठी कारकून हवा असला की कमिटी दहा मिनिटं गप्पा मारते, टायपिंगचं सर्टिफिकेट बघते आणि मोकळी होते. गप्पांतून माणूस बोलका आहे एवढंच कळतं, आणि बोलक्याला मग हिशेबातही नकळत जास्त गुण पडतात. म्हणून आधी काम करून घ्यावं, गप्पा शेवटी.

बोलणं फोनवर तपासावं. बाजूच्या खोलीतून कुणीतरी वैतागलेला सभासद व्हावं: बाथरूमच्या छतातून पाणी गळतंय, वरचे दाद देत नाहीत. एकदा मराठीत, एकदा हिंदीत. विंग, फ्लॅट नंबर आणि गळती कधीपासून हे विचारलं का, लिहून घेतलेली तक्रार परत वाचून दाखवली का, "आजच करून देतो" असं भलतंच कबूल तर केलं नाही ना, एवढं ऐकायचं. मालवणी किंवा वऱ्हाडी हेल हा दोष नव्हे. त्यासाठी गुण कापणाऱ्या मेंबरला तपासायला बसवूच नये.

लिहिण्यासाठी टाकी धुण्याची नोटीस, पंधरा मिनिटांत, कॉम्प्युटरवर. मिनिटाला ३० शब्दांचं मराठीचं सर्टिफिकेट असूनही इथे गाडी अडते, कारण हात कृतिदेव या जुन्या फॉन्टवर बसलेला असतो. तो मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात. कुठेही तसंच दिसणारं युनिकोडच मागावं. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं तर अर्धा गुण कापा; पाणी बंद राहण्याची तारीख किंवा वेळ राहिली तर सरळ शून्य.

हिशेबाला एकच गणित पुरतं: ३,५०० रुपये तीन महिने थकले, वर्षाला २१ टक्के दराने सरळ व्याज किती? १८३.७५. उत्तर ७३५ आलं तर अख्ख्या वर्षाचं व्याज लावलंय. एक्सेलच्या यादीत मात्र एक रक्कम मुद्दाम आकडा म्हणून नव्हे, मजकूर म्हणून टाकून ठेवावी. बेरजेचं सूत्र ती गुपचूप वगळतं. बेरीज पावत्यांशी जुळवणाऱ्यालाच ते सापडतं.

दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत, प्रत्येक कामाला शून्य ते तीन, आणि एकमेकांचे कागद शेवटीच बघावेत. दोन गुणांचा फरक पडला तर परवानगी घेऊन केलेलं फोनचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकावं. गणितातले आकडे मात्र दर उमेदवाराला बदला. बाहेरच्या बाकावर उत्तरं फिरतात.