गॅस्केट शाबूत होतं

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा मी जिथे शिकलो त्या संस्थेतून फोन आला आणि मी तिथल्या तिथे हो म्हटलं. लिहायचं ते मोटार मेकॅनिकच्या आमच्या सरांबद्दल, एवढं नक्की होतं. आज अंबडला माझं स्वतःचं गॅरेज आहे, हाताखाली पोरं आहेत, पिंपळगाव-दिंडोरीकडून लोक गाडी घेऊन नाव विचारत येतात. हे सगळं सरांचं देणं आहे.

सर कोण, हे आपल्या ट्रेडच्या कुणाला सांगायला नको. एकच प्रसंग सांगतो.

द्राक्षांचा हंगाम होता. निफाडकडच्या एका बागायतदाराची डिझेल पिकअप संस्थेच्या शेडमध्ये आली. वाशीला माल उतरवून परत येताना कसारा घाट चढायला लागली की हीट मारायची. बाहेर थेंब गळत नव्हता, तरी रेडिएटर रोज पाणी प्यायचा. एका गॅरेजात हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यामधली सील) नुकतंच बदललेलं, तरी पुन्हा तेच. आमच्यातल्या एकाने ऑइलचं झाकण उघडलं आणि आतली पांढरी साय दाखवत म्हणाला, "सर, ऑइलात पाणी आलंय, गॅस्केटच गेलंय."

सर म्हणाले, "निफाडची थंडी माहीत आहे ना? पारा पाच-सहावर असताना गाडी मळ्यापर्यंत नेऊन बंद केली तरी झाकणाला अशी साय धरते. काठी बघ." ऑइल मोजायच्या काठीवरचं ऑइल काळंच होतं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं नव्हतं.

सरांनी पाना लावू दिला नाही. गाडी रात्रभर शेडमध्येच ठेवली. सकाळी गार इंजिन, झाकण घट्ट, आणि माझा हात रेडिएटरच्या वरच्या नळीवर. स्टार्टर मारला. मिनिटही झालं नसेल, नळी हातात दगडासारखी फुगली. सरांनी विचारलं, "पाणी अजून गार आहे, मग हा दाब कुठून आला?" वाफेचा असणं शक्यच नव्हतं. सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसत होता.

मग बंद करून झाकण काढलं, आणि वॉटर पंपाने घुसळण होऊ नये म्हणून फॅनबेल्टही उतरवला. पुन्हा चालू केल्यावर बुडबुडे येतच होते. सरांनी एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करायला लावला, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल बंद. तिसऱ्याचा सैल केला तसे बुडबुडे कमी पडले. हेड उघडायच्या आधी सरांनी फळ्यावर लिहिलं: तिसरा सिलिंडर.

हेड उतरवलं. गॅस्केट शाबूत होतं, कड्यांवर कुठे जळाल्याची खूण नाही. स्ट्रेट एज (सरळ पट्टी) ठेवून पाहिलं, फट मोजायची ०.०५ मिलिमीटरची फिलरची पाती कुठेच आत जाईना. म्हणजे हेड वाकडंही नव्हतं. आम्ही गप्प. सरांनी हेड घासूनपुसून साफ करायला लावलं, रॉकेल लावून थोडा वेळ ठेवलं, कोरडं पुसलं आणि वर्गातून खडू आणून त्याची पूड फासली. हळूहळू तिसऱ्या सिलिंडरच्या दोन वॉल्व सीटांच्या (वॉल्व टेकतात त्या जागांच्या) मधोमध पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटली.

एवढ्यावरही सरांनी निकाल दिला नाही. सीटांमधली प्रत्येक चीर पाण्याच्या वाटेपर्यंत जातेच असं नाही, म्हणून हेड मशिनवाल्याकडे प्रेशरला, म्हणजे पाण्यात बुडवून आत हवेचा दाब देऊन तपासायला, नेलं. गार पाण्यात काहीच नाही. पाणी तापवल्यावर मात्र त्याच रेघेतून बुडबुड्यांची माळ सुटली. तापल्यावरच चीर उघडते, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

मालकाला बोलावून सरांनी कारणही विचारून घेतलं. रेडिएटरात बोअरचं क्षाराचं पाणी, त्यामुळे जाळी चोंदलेली, आणि घाटात इंजिन तापलं की ड्रायव्हर त्यावर गार पाणी ओतायचा. सरांनी हेड बदलायला सांगितलं, पण त्याआधी रेडिएटर साफ करून घ्यायला लावला. नवं हेड बसवताना बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आम्ही आवळले आणि सर शेजारी उभे होते.

आता माझ्याकडे तपासणीचं निळं औषध आहे. रेडिएटरच्या तोंडावर त्याची नळी लावली आणि गॅस येत असला तर ते पिवळं पडतं. ते वापरतोच. पण नव्या पोराला पहिल्या दिवशी गार इंजिनाची नळी धरायला लावतो. गिऱ्हाइकाला हेड उघडायच्या आधी कारण सांगता आलं पाहिजे, हा माझ्या गॅरेजचा नियम सरांचाच आहे.

मागे संस्थेत येऊन गेलो. जुनी शेड गेली, तिथे प्रोजेक्टरची खोली झाली आहे. खोली उत्तम आहे, स्कॅनरही चांगले आहेत. पण कपाटाशेजारी रचलेली ती उघडी हेडं, कापून आतल्या पाण्याच्या वाटा दाखवणारा तो ब्लॉक, सगळं भंगारात गेल्याचं कळलं आणि मला फार वाईट वाटलं. चीर कशी दिसते हे पडद्यावर पाहून बोटांना कळत नाही.

दोन वॉल्व सीटांच्या मधे चिरलेलं एक हेड मी गॅरेजमध्ये मुद्दाम बाजूला ठेवलं आहे. विभागाने जागा दिली तर महोत्सवाच्या दिवशी घेऊन येतो. रॉकेल आणि खडूही आणीन.