तुम्ही विचारलंत म्हणून: दावीदच का?

चर्चच्या तरुण संघाच्या वर्गात नेतृत्व शिकवताना मी बायबलमधला राजा दावीद घेते, आणि कुणीतरी विचारतंच: "बाई, ज्याने आपल्याच शिपायाची, उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत पुढे उभं करून मारवलं, त्याच्याकडून आम्ही काय शिकायचं?" मंडळीबाहेरचे स्नेही जरा आडून विचारतात, पण विचारतात हेच.

त्याला आदर्श म्हणा असं मी कुणाला सांगितलेलं नाही, हे आधी स्पष्ट करते. पूर्वी मात्र माझं उत्तर तयार असे. नाथान संदेष्टा समोर उभा राहिला, राजा म्हणाला "मी पाप केलं", मग स्तोत्र ५१ वाचायचं, प्रार्थना करायची आणि घरी जायचं. ते उत्तर खोटं नव्हतं. पण ते देणाऱ्या त्या तरुण शिक्षिकेशी माझं आता पटत नाही. पश्चात्ताप झाला की माणसाचा कारभारही सुधारतो, असं तिने गृहीत धरलं होतं.

उरीयाच्या बायकोबद्दल, बथशेबाबद्दल सगळे विचारता, दावीदाच्या मुलीबद्दल, तामारेबद्दल कुणीच नाही. दुसरं शमुवेल, अध्याय १३. दावीदाचा थोरला मुलगा अम्नोन आजारपणाचं सोंग घेतो आणि तामारेला, म्हणजे त्याच्या सावत्र बहिणीला, त्याच्या घरी जायचा निरोप खुद्द दावीद पाठवतो. अम्नोन तिच्यावर बलात्कार करतो. राजाला कळतं आणि २१ वं वचन म्हणतं, तो फार संतापला. बस, इतकंच. शिक्षा नाही, चौकशी नाही, मुलीला भेटल्याचा उल्लेखही नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात पुढे एक वाक्य जास्त आहे: अम्नोन थोरला, लाडका, म्हणून राजाने त्याचं मन दुखवलं नाही.

तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षं गप्प राहिला, मग अम्नोनला मारून गशूर नावाच्या परक्या राज्यात पळाला. तीन वर्षांनी परत आला, तर बापाने आणखी दोन वर्षं तोंड पाहिलं नाही. पुढे तो वेशीजवळ उभा राहून फिर्यादींना सांगू लागला, तुझी बाजू खरी आहे, पण राजाकडून ऐकून घेणारं कुणी नाही. लोकांना त्याने फितवलं म्हणतात. फितवलं खरं, पण बहिणीला घरात न्याय न मिळालेला माणूस हे बोलत होता.

मग अबशालोमाचं बापाविरुद्ध बंड, आणि दावीदाने आसरा घेतला त्या महनाईम गावाची ती वेस. सैन्य निघताना राजाने सगळ्यांदेखत बजावलं होतं, माझ्यासाठी त्या तरुणाला सांभाळून घ्या. दिवसभर तो दोन दरवाज्यांच्या मध्ये बसून राहिला. एक निरोप्या धावत आला, मागून दुसरा. लढाई जिंकली की हरली हे त्याने विचारलंच नाही. दोघांनाही एकच: अबशालोम सुखरूप आहे ना? तो मारला गेल्याचं कळल्यावर वेशीवरच्या खोलीत जाऊन रडत राहिला, "माझ्या पुत्रा, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर!" जिंकलेले शिपाई पळून आल्यासारखे चोरपावलांनी गावात शिरले. आणि दावीदाचा सेनापती यवाब त्या खोलीत गेला. त्यानेच त्या मुलाच्या छातीत तीन भाले खुपसले होते. म्हणाला, आज आम्ही सगळे मेलो असतो आणि तो जगला असता तर आपल्याला बरं वाटलं असतं. उठा, खाली जाऊन माणसांशी बोला, नाहीतर रात्रीपर्यंत एकही जण उरणार नाही. दावीद उठला आणि वेशीत जाऊन बसला.

शिबिरं घेणारे वक्ते इथे टाळ्या घेतात, दुःख गिळून कर्तव्य वगैरे. मला ते जमत नाही. यवाबाचा शब्दन्‌शब्द बरोबर होता, आणि त्या बापाला एक रात्र रडू द्यायला हवं होतं, हेही खरं. शिवाय दावीदाने पाठवलेली उरीयाच्या मरणाची चिठ्ठी मुकाट्याने अमलात आणणारा तो हाच यवाब. तेव्हा त्याला तोंड नव्हतं का?

दावीदाने लगेच त्याचं सेनापतिपद बंडखोरांच्या सेनापतीला, अमासाला देऊ केलं. मरताना मुलाला, शलमोनाला सांगून गेला, यवाबाचं पिकलं डोकं सुखाने कबरेत जाऊ देऊ नकोस. कारणं दोन दिली, यवाबाने केलेले दोन सेनापतींचे खून: अबनेरचा आणि अमासाचा. अबशालोमाचं नाव घेतलं नाही. माफ केलं होतं, की ते नाव उच्चारवत नव्हतं? दर वर्षी माझं मत बदलतं.

तर हो, पुढच्या वर्गातही दावीदच. सुरुवात १३ व्या अध्यायापासून करणार आहे. मंडळीच्या पंचांनी हरकत घेतली तर घेऊ देत.