नारिंगीच होता, शपथेवर सांगतो

बोटीवरचे पहिले तीन दिवस मी उलट्या करण्यात घालवले. डिझेलचा वास, कूस बदलता येणार नाही एवढा अरुंद बंक आणि शेजारी घोरणारा माणूस, याहून जास्त त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

चौथ्या दिवशी समुद्र निवळला आणि मी पाण्यात उतरलो. स्पंज हे समुद्रतळाला चिकटून राहणारे प्राणी; ते गोळा करणाऱ्या या मोहिमेत मी हौशी डायव्हर. काम सोपं: आधी फोटो, मग शेजारी पट्टी ठेवून फोटो, मग चाकूनं तुकडा, मग पिशवी. मोहिमेच्या प्रमुख बाईंनी हा क्रम तीनदा बजावला होता. बावीस मीटरवर एका कपारीखाली टॉर्च फिरवला आणि आत असं काही नारिंगी पेटलं की मी क्रमच विसरलो. चाकू आधी चालला. कॅमेरा कमरेला लटकत राहिला.

वर येऊन तुकडा अल्कोहोलच्या बरणीत गेला. दुसऱ्या दिवशी तो ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाचा झाला होता.

"फोटो कुठंय?" बाईंनी विचारलं. मी बुटांकडे पाहिलं.

बाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी नखाएवढा तुकडा ब्लीचमध्ये टाकला. मांस विरघळलं, तळाशी पांढरी धूळ उरली. ती पुन्हा पुन्हा धुऊन काचेवर घेतली आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. धूळ कसली, काचेच्या सुया! स्पंज समुद्राच्या पाण्यातून सिलिका शोषून हा सांगाडा स्वतःच घडवतो. लांब सुयांच्या मध्ये इंग्रजी सी अक्षरासारखे वाकडे काटे होते आणि इवले नांगरही, एक टोक मोठं, दुसरं लहान. अख्खी दुपार मी तिथून हललो नाही. समुद्र, बंक, घोरणं, सगळं माफ.

नांगर पाहून बाई म्हणाल्या, "मायकेली." त्या एका वंशातच दोनशेहून अधिक जाती आहेत. मग प्रत्येक प्रकारचे तीस-तीस काटे मायक्रॉनमध्ये मोजणं आणि जुन्या वर्णनांशी ताडणं सुरू झालं. त्यात चॅलेंजर जहाजाच्या मोहिमेतल्या स्पंजांवरचा १८८७ चा अहवालही होता. नांगरांची मापं कुठंच जुळेनात. तरी "नवीन" हा शब्द बाई तोंडातून काढत नव्हत्या. आधी संग्रहालयांतले जवळच्या जातींचे मूळ नमुने मागवून पाहायचे. ते वेगळे निघाले, तर आमचा तुकडा होलोटाइप म्हणून, म्हणजे नव्या जातीचा अधिकृत मूळ नमुना म्हणून, संग्रहालयात जाईल आणि नाव त्याला कायमचं चिकटेल. मी मनात नावही ठरवून टाकलं होतं. ते इथं सांगत नाही, लाज वाटते.

वर्णनाच्या मसुद्यात एक ओळ असते: जिवंतपणीचा रंग. तिथं माझं आणि माझ्या डायव्हिंगच्या जोडीदाराचं वाजलं. तो म्हणे तपकिरी. खोटं बोलत नव्हता बिचारा. पाणी तांबडा उजेड आधी गिळतं, आणि त्याच्याकडे टॉर्च नव्हता. बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि लिहिलं: "टॉर्चच्या उजेडात नारिंगी, गोळा करणाऱ्याच्या सांगण्यानुसार. छायाचित्र नाही."

"गडद नारिंगी लिहा ना," मी म्हणालो.

"गडद म्हणजे किती?"

मी बरणीकडे पाहिलं. पुठ्ठा.